लाजरा काटा

बाईमाणसानं बोटीच्या इंजिनात उतरू नये असं म्हणणारे धक्क्यावर पुष्कळ होते, पण त्यांतला एकही बाप्या कधी स्वतः उतरला नव्हता. खाली काय असतं ते आत्यालाच माहीत. डोक्याला फळ्या, गुडघ्याला इंजिन, मधे कमरेत मोडून बसायचं, आणि उन्हाळ्यात तिथे श्वासाला हवा नसतेच, नुसता डिझेलचा उकाडा. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली त्याच वर्षी घरच्या बोटीचा जुना इंजिनवाला काम टाकून गेला. तेव्हा तिचे वडील, आबा, तिला म्हणाले होते, "बसून खातेस त्यापेक्षा खाली उतर." बसून तिनं एक दिवस खाल्लं नव्हतं. पण उतरली, आणि इंजिन असं सांभाळलं की सख्खी भाचरं दोनच असून सगळा काठ तिला आत्या म्हणू लागला.

वर सुकाणूवर तिचा थोरला भाऊ. त्याला सगळे कप्तान म्हणायचे. डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीमुळे आधी चेष्टेनं म्हणायचे, मग तेच नाव पडलं, आणि त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

सुकाणूच्या पुढ्यात एक वाटीएवढी तबकडी होती, तेलाचा काटा. तबकडीतून एक बारीक तांब्याची नळी निघून खाली इंजिनाच्या तेलात बुडालेली. तेल किती तापलं ते वर दिसावं म्हणून. हिरव्यात असला तर चालू दे, लालात गेला तर बंद कर, एवढंच त्याचं काम. पण फार वर्षांपूर्वी त्याची काच फुटली आणि काटा गळून पडला. दुसरा कोणी असता तर नवी तबकडी आणली असती. आबांनी तोच काटा उचलला, अंदाजानं अंगठ्यानं दाबून बसवला आणि वर काच चिकटवून टाकली. तेव्हापासून तो काटा खोटं बोलायला लागला. इंजिन जरा कोमट झालं की हा लालात. पहिल्यापहिल्यांदा लोक घाबरायचे. मग आबांनीच एक विनोद काढला. "आमचा काटा लाजरा आहे. माणसं चढली की लाल होतो." लोक हसले. आबांच्या हातून सुकाणू कप्तानाकडे आलं, त्याबरोबर विनोदही आला. काटा लालात गेला की कोणीतरी मुद्दाम विचारायचं, कप्तान टोपी मागे सारून उत्तर द्यायचा, आणि बोट हसत हसत पलीकडे जायची. लाल म्हणजे हिरवा, हे त्या बोटीवर सगळ्यांच्या अंगात मुरलं होतं.

या उन्हाळ्यात तो काटा अडकलाच. हलेचना. आणि तळ्याचं पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं होतं. पाणी उतरलं की तळातलं शेवाळ वर येतं, ते इंजिन गार करणाऱ्या पाण्याच्या नळीत शिरतं, नळी तुंबते आणि तेल तापतं. आत्यानं घरात धोशा लावला. "नवा काटा बसवा. मी खाली आंधळी आहे, मला वरचं दिसत नाही." आबांनी कुरकुर केली, पण शेवटी फिटर आला आणि नवा काटा बसवून गेला.

आत्या वर आली. हात चिंधीला पुसत भावाला म्हणाली, "दादा, हा खरा आहे. याचा लाल म्हणजे लालच. जुनी सवय मोड."

"कळलं गं. मी काय आज बोट चालवतोय?"

"म्हणूनच सांगते."

"तू खालचं बघ," कप्तान म्हणाला.

खालच्यावरच्याचा हिशेब ठरलेला होता. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून आत्या खालून पान्यानं फळीवर ठोकायची, म्हणजे काटा किती ते विचारायची. कप्तान वरून पाय आपटायचा. एकदा आपटला की ठीक, दोनदा आपटला की बंद कर. आणि वरून दोनदा आल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही, हा आबांनी घालून दिलेला नियम. कारण काठाजवळ खडक आहेत, वाऱ्यात बोट मोकळी सुटली तर खडकावर जाते. खालच्याला खडक दिसत नाहीत. नियम बरोबरच होता, अर्धा.

त्या सकाळी बोट भरून निघाली. दूधवाला त्याच्या कॅनांसकट, चार शेळ्या, शाळेची मास्तरीण, एक सायकल, शिवाय कोणाची तरी दोन पोती. अर्ध्या वाटेवर आत्याला इंजिनाचा सूर बदललेला वाटला. जड वाटला. तिनं फळीवर ठोकलं.

वरून पाय आपटला. एकदा.

ती जरा थांबली. मग वास आला. तव्यावर तेल विसरल्यावर येतो तसा, जळकट. तिनं पुन्हा ठोकलं, या वेळी जोरात.

वरून पुन्हा एकदाच, आणि तोही असा दाणकन की फळीतली धूळ तिच्या डोळ्यांत पडली. पाठोपाठ वर माणसं हसल्याचा आवाज आला. तिचा हात बंद करायच्या खटक्यावर गेला होता. गेला आणि तिथेच राहिला. नाक सांगत होतं बंद कर, नियम सांगत होता करू नकोस. तेवढ्यात इंजिनानं एक किंकाळी फोडली, सगळी बोट हादरली आणि धाडकन सगळं गप्प झालं. हादऱ्यानं आत्या धुराच्या तापलेल्या नळीवर फेकली गेली, कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली.

मग दुपारपर्यंत भर उन्हात तळ्याच्या मधोमध. शेळ्या ओरडतायत, दूध तापतंय, मास्तरीण छत्रीत तोंड घालून बसलेली. शेवटी तळ्यावरच्या दुसऱ्या बोटीचा टकल्या मालक आला आणि दोर टाकून ओढत घेऊन गेला. येता येता त्यानं काठावरच्या प्रत्येकाला हात केला. वरातीतल्या घोड्यासारखी मिरवत ही बंद बोट धक्क्यापर्यंत नेली त्यानं, आणि कप्तान टोपी काढून खाली बघत उभा.

धक्क्यावर उतरल्यावर दूधवाल्यानं कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळं दूध पाण्यात ओतून दिलं. ओततानाच तो पुटपुटला, "म्हटलं होतं मी याला, काटा लालात आहे म्हणून. तर म्हणे लाजरा आहे."

आत्या तिथेच उभी होती, भाजलेला हात ओल्या चिंधीत गुंडाळून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हसले ते यालाच! मी खाली जीव मुठीत धरून ठोकतेय आणि हा वर नव्या काट्याला जुना विनोद ऐकवतोय!

ती वळली तर कप्तान लोकांना सांगत होता, "तेल कमी होतं. खाली तेल बघायला नको का? रोज सांगायचं का मी?"

"काय म्हणालास?" आत्या पुढे झाली.

"घरी बोलू," कप्तान म्हणाला.

"घरी कशाला? इथे बोललास ना, इथेच बोल."

आबांनी तिचा चांगला हात धरला आणि ओढून नेलं. भर धक्क्यावरून, चाळिशीला आलेल्या बाईला, पोरीसारखं.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन उघडायचं काम सुरू झालं. फिटर आणि आत्या. एका हातानं तिला पाना धरता येत नव्हता, तरी तिनं तळाचं झाकण स्वतः उघडलं. तेल बादलीत उतरलं ते काळं, दाट, डांबरासारखं, पण भरपूर. बादली काठोकाठ भरली.

"बघितलंस?" ती फिटरला म्हणाली. "कमी आहे का हे?"

फिटरनं बादलीत बोट बुडवून बघितलं. "कमी नाही. शिजलंय." मग पाण्याची नळी काढून त्यातून शेवाळाची वेणीच्या वेणी बाहेर खेचली. "काटा ओरडत असणार वर. बेअरिंग वितळेपर्यंत कोणी काटा बघत बसतं का?"

"हे मुकादमापुढे सांगशील?"

फिटरनं बोट चिंधीला पुसलं. "आत्या, मला तुमच्याकडेही काम असतं आणि सगळ्यांकडेच असतं. मी नळ्या जोडतो, भांडणं नाही."

मुकादम म्हणजे धक्क्याचा. कोणती बोट कुठे लागायची ते तो ठरवायचा. एरवी दोन्ही बोटी लागायच्या, पण पाणी उतरल्यानं धक्क्यावर आता एकाच बोटीला जागा होती. दुसरीला पार खालच्या काठाला जावं लागणार होतं, तिथे कुत्रं फिरकत नाही. कोणाला धक्का द्यायचा ते तो आठवड्याच्या शेवटी सगळ्यांसमोर सांगणार होता. ज्याच्या बोटीत माणसं अडकली त्याला कशाला देईल?

आबा बोटीवर आले ते हेच बोलायला. फिटर चहाला गेलेला बघून आले. खाली वाकून बघत म्हणाले, "हात कसा आहे?"

"हाताचं सोडा. काय ते बोला."

"बोलतो. नीट ऐक, डोकं तापवू नकोस." आबा वरच्या फळीच्या कडेला बसले. "मुकादमापुढे म्हणायचं, तेल बघायचं राहिलं. संपलं. इंजिनवाला बदलता येतो गं. सुकाणूवाला चुकला म्हटलं की बोटच गेली. मग पोरं काय खातील? तुझीच भाचरं आहेत ना?"

आत्यानं पाना खाली ठेवला. हातात राहिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

"म्हणजे काटा त्यानं बघायचा, आणि खापर माझ्या डोक्यावर."

"तुझं काय जाणार आहे? तू घरचीच आहेस. दोन घास कमी पडणार आहेत का तुला?"

"हे बघा आबा, दोन घास मी रोज इथे वाकून मिळवते. आणि माझं काय जाणार? हेच जाणार! एवढं एकच आहे माझं." तिनं थंड इंजिनावर थाप मारली. "नवऱ्याकडे माझं काही नव्हतं. तुमच्या घरात खाट आहे, तीही ओसरीत. हे एक आहे की जिथे मी नसले तर अडतं."

"हट्टीपणा करू नकोस."

"आणि तो काटा अंगठ्यानं कोणी बसवला होता? विनोद कोणी काढला?"

आबा उठले. चेहरा थोबाडीत मारल्यासारखा झाला. फळीवरून उतरून गेले. जाताना पाय घसरला, पण आत्या उठली नाही.

सभा धक्क्याच्या शेडमध्ये भरली. मुकादम खुर्चीवर, बाकीचे उभे. कप्तानानं टोपी घातली होती. तो घडाघडा बोलला, पाठ केल्यासारखा. तेल कमी, इंजिन जाम, आता दुरुस्त झालंय, पुन्हा असं होणार नाही. मुकादमानं आत्याकडे बघितलं.

"तेल काठोकाठ होतं," आत्या म्हणाली. "काटा लालात होता. सूर जड वाटला, जळका वास आला, म्हणून मी दोनदा विचारलं, यानं दोनदा ठीक म्हणून पाय आपटला. नवा काटा आहे, खरा आहे, हे मी याला सांगितलं होतं. यानं काटा बघितला आणि हसला."

शेडमध्ये कुजबुज झाली. मुकादम फिटरकडे वळला. फिटर म्हणाला, तेल जळालं की मूळचं किती होतं ते कसं सांगणार. मग दूधवाल्याकडे वळला. दूधवाल्यानं आपल्या चपलांकडे बघितलं. "माझं लक्ष कॅनांकडे होतं." मास्तरीण म्हणाली, "मी छत्रीत होते." एकेक जण मूग गिळून बसला. धक्क्यावर परवापर्यंत हेच लोक कप्तानाची नक्कल करून दाखवत होते! आत्या एकेकाकडे बघत राहिली. कोणी नजर देईना.

"वास आला म्हणतेस," मुकादम म्हणाला, "मग बंद का नाही केलंस?"

"बंद करायचा हक्क मला नाही. विचारा आबांना, नियम कोणाचा आहे."

"हक्कबिक्क मला माहीत नाही. इंजिन तुझ्या हातात होतं." मुकादमाला घरी जायचं होतं. "बोट जुनी आहे, लोकांच्या ओळखीची आहे. धक्का तुम्हालाच ठेवतो. पण इंजिनवाला बदला."

"बदलतो," आबा म्हणाले. मुकादमाचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

दुसरी बोट खालच्या काठाला गेली. आबांनी वीटभट्टीवर पाण्याचा पंप चालवणारा एक माणूस आणला. पंप काय आणि बोट काय, इंजिन ते इंजिन, असं म्हणे. पहिल्या खेपेच्या सकाळी आत्या घरामागे कपडे धूत होती. धूत कसली, दगडावर आपटत होती. वहिनी शेजारी पिळत होती.

"फाटतील ना हो," वहिनी हळूच म्हणाली.

"फाटू देत."

"यांचाच शर्ट आहे तो," वहिनी म्हणाली, आणि मग थांबून, "आपटा."

इंजिनाचा आवाज कानावर यायला हवा होता, आला नाही. ऊन वर चढलं, तरी नाही. मग फाटकाशी कप्तान दिसला. टोपी हातात, मान घामानं निथळत.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"बोटीवर. लोक चढेनात."

झालं होतं असं की दूधवाला फळीवर पाय ठेवता ठेवता थांबला आणि त्यानं विचारलं, खाली कोण आहे? पंपवाला म्हटल्यावर त्यानं कॅन पुन्हा खाली उतरवले. त्याचं बघून मास्तरीण थांबली, मग शेळीवाला. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही. नुसते धक्क्यावर उभे राहिले. मुकादम आला, ओरडला, तरी उभेच. सभेत तोंड उघडायला यांची जीभ जड होते, पण बोटीत चढायला स्वतःचा जीव लागतो ना! आत्याला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिला त्या सगळ्यांना धरून तळ्यात बुचकळावंसं वाटलं.

"मी येते," ती म्हणाली. "पण तिथे सगळ्यांसमोर तू खरं सांगायचंस."

"झालं ते झालं. कशाला उकरून काढतेस?"

"मग जा. घे पंपवाला."

कप्तान उभा राहिला. वहिनीकडे बघितलं. वहिनी शर्ट पिळत राहिली. तो वळला, फाटकापर्यंत गेला आणि परत आला. "बरं, चल," म्हणाला.

धक्क्यावर सगळे तसेच उभे होते. आबा दोराच्या खुंटावर बसलेले. आत्या फळीपाशी येऊन थांबली. चढली नाही.

"बोल," ती म्हणाली.

कप्तानानं घसा साफ केला. "काटा लालात होता."

"कोणी बघितला?"

"मी."

"मग काय केलंस?"

कोणाचीतरी शेळी ओरडली.

"मग काय केलंस, दादा?"

"हसलो!" कप्तान इतक्या जोरात ओरडला की पलीकडच्या काठाला ऐकू जावं. "हसलो मी! झालं समाधान?"

"नाही," आत्या म्हणाली. "तेल?"

"होतं. भरलेलं होतं."

मुकादमानं तोंड उघडलं, पण उभ्या असलेल्या माणसांकडे बघून मिटलं. आत्या आबांकडे वळली. "आणि तुम्ही ऐका. आजपासून मला वाटलं की मी इंजिन बंद करणार. वरून पाय आपटायची वाट बघणार नाही. पटत नसेल तर आत्ताच सांगा, ही चालले मी."

आबांनी मान हलवली. हो की नाही ते कळण्यासारखी नव्हती, पण नाही म्हणाले नाहीत. पंपवाला खालून बाहेर आला, सुटल्यासारखा चेहरा करून. आत्या खाली उतरली. हाताची नवी कातडी फळीला घासली तसं तिनं दात आवळले.

बोट निघाली. पार गेली म्हणेपर्यंत पलीकडच्या खडकांच्या अलीकडे, इंजिन गार करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली. आत्यानं ती बघितली, नळीला हात लावला, चटका बसला. तिनं ठोकलं नाही. खटका खाली ओढला.

एकदम शांत झालं, आणि मग वर गलका.

"बंद का केलंस?" कप्तान ओणवा होऊन ओरडला. "वारा आहे! खडक पुढ्यात आलेत!"

"बांबू घे."

"अगं आधी सांगायचंस तरी!"

"बांबू घे हातात!"

बोट आडवी व्हायला लागली होती. कप्तानानं टोपी फेकली, बांबू उचलला आणि खडकाला लावून सगळा भार टाकला. बांबू वाकला. बोट थांबली, हलली, पुन्हा सरकली. त्यानं पाय रोवले. त्याच्या तोंडून शिव्या सुरू झाल्या, आधी खडकाला, मग वाऱ्याला, मग नाव न घेता बहिणीला. आत्यानं नळी सोडवली आणि दोन बोटं आत घालून शेवाळ ओढायला सुरुवात केली. ते गुंता होऊन बसलं होतं, एका ओढीत निघणारं नव्हतं. तिनं घाई केली नाही.

"दे, हव्या तेवढ्या शिव्या दे," ती खालून ओरडली. "पण बांबू सुटला तर बघ!"

कप्तानाचे पाय फळीवरून मागे सरकायला लागले. दूधवाला उठला, बोटीच्या कडेचा दुसरा बांबू घेतला आणि त्याच्या शेजारी जाऊन खडकाला लावला.